सहा इंचांच्या पडद्यावर रचलेला खून

माझ्या मैत्रिणीची पहिली रहस्यकादंबरी छापून आली आहे आणि ती मला मनापासून आवडली. खुनी शेवटच्या प्रकरणापर्यंत हाती लागत नाही, आणि लागल्यावर मागची पानं उलटली की कळतं, सगळं डोळ्यांसमोरच ठेवलेलं होतं. ही कादंबरी तिने अथपासून इतिपर्यंत मोबाईलवर लिहिली. मोबाईलवर कविता किंवा ललितलेख लिहिणं एक, रहस्यकथा लिहिणं दुसरं. कीबोर्ड उघडा असला की पडद्यावर जेमतेम आठ-दहा ओळी उरतात, आणि रहस्यकथेचा सगळा डाव दीडशे पानांच्या अंतरावरच्या दोन वाक्यांमध्ये असतो. ते अंतर सांभाळण्याची तिची पद्धत इतकी कामाची आहे की ती सविस्तर लिहून ठेवावीशी वाटली. पुस्तकाचं नाव मात्र मुद्दाम देत नाही. हे वाचून मग ते वाचलंत तर अर्धी मजा जाईल.

सुरुवात फाईलींपासून. गुगल डॉक्सच्या एका फाईलमध्ये १० लाख २० हजार अक्षरं मावतात, म्हणजे अख्खी कादंबरी एका फाईलीत बसते. (मराठीत काना-मात्रा-हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं; 'क्षितिज' तीन अक्षरी दिसतं, पण मोजणीत सात भरतं. तरीही बसते.) पण बसते म्हणून बसवू नये. लांब फाईल मोबाईलवर उघडायला वेळ घेते, आणि चालता चालता अंगठा लागून वरचा एखादा परिच्छेद उडाला तर तो उडाल्याचं कळतही नाही. प्रकरणागणिक वेगळी फाईल करावी आणि नावाच्या सुरुवातीला दोन आकडी क्रमांक द्यावा: ०१, ०२, ०३. नुसता १ लिहिला तर काही ॲपमध्ये १० हा २ च्या आधी जाऊन बसतो. प्रत्येक फाईलला ऑफलाइनची खूण करून ठेवावी, म्हणजे बोगद्यात किंवा घाटात रेंज गेली तरी लिहिणं थांबत नाही.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवत लिहिणारे बरेच आहेत. सुचलेली ओळ टिपायला ते ठीक आहे, कादंबरीला नाही. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही, आणि फोन बदलताना बॅकअप नीट उतरला नाही तर सगळंच जातं.

आता खरी गोष्ट. प्रकरणांच्या फाईलींशेजारी तिने तीन फाईली ठेवल्या होत्या, ज्यांतला एक शब्दही छापायचा नव्हता. पहिलीत वेळापत्रक: तारीख, वार, तिथी, वाजले किती, कोण कुठे. हे गोष्टीच्या क्रमाने लिहायचं नाही, घटना जशा घडल्या त्या क्रमाने लिहायचं, खुन्याच्या बाजूने. दुसरीत 'कोणाला काय ठाऊक': प्रत्येक पात्राला कुठली गोष्ट कितव्या प्रकरणात कळली. रहस्यकथेत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. तपास करणारा माणूस नवव्या प्रकरणात असं काही बोलून जातो जे त्याला अकराव्यात कळणार असतं. लेखकाला सगळं आधीपासून माहीत असल्यामुळे त्याला ते खटकत नाही, वाचकाला मात्र लगेच खटकतं. तिसरी फाईल धाग्यांची, म्हणजे खुन्याकडे नेणाऱ्या खुणांची. वाचकासमोर ठेवलेला प्रत्येक धागा, तो कुठल्या प्रकरणात ठेवला, कुठे उलगडला, आणि ते मूळ वाक्य जसंच्या तसं, कॉपी करून. आठवणीतून उलगडा लिहायला गेलं की वाक्य बदलतं: पहिल्यांदा खिडकी 'उघडी' असते, उलगड्यात ती 'अर्धवट उघडी' होते. कागदावर लिहिणारा माणूस पानं चाळून तपासतो. मोबाईलवर तेवढ्यासाठी दुसरी फाईल उघडायचा कंटाळा येतो, म्हणून मूळ वाक्य हाताशी हवंच.

धागा लपवायचा कसा, हे तिच्याकडून शिकावं. तिच्या कादंबरीतला धागा सांगत नाही, त्याच जातीचा दुसरा इथे बनवते. मे महिना, रत्नागिरी. दार बंद असलेल्या खोलीत एक मृतदेह सापडतो. खिडकी उघडी, खोली उबदार, एसी बंद. खुन्याने रात्रभर एसी अगदी कमी तापमानावर चालू ठेवला होता आणि पहाटे बंद करून खिडकी उघडली, म्हणजे ताठरपणावरून मृत्यूची वेळ प्रत्यक्षाहून उशिराची वाटावी. उष्ण हवेत मृतदेहाचा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो, थंडीत हे सगळं रेंगाळतं, आणि डॉक्टरांचा अंदाज खोलीच्या तापमानावर अवलंबून असतो. या बनावाला फोडणारी वस्तू म्हणजे फडताळातली खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. मे महिन्यात रत्नागिरीतली खोली आपोआप तेवढी थंड होत नाही.

हे 'फडताळात गोठलेल्या खोबरेलाची बाटली होती' असं लिहिलं की चाणाक्ष वाचक तिथेच बोट ठेवतो. त्याऐवजी असं: 'हवालदाराने फडताळातला पावडरचा डबा हुंगून पाहिला, तेलाची बाटली तळहातावर उलटी केली, काही पडेना तशी परत ठेवली, आणि फणी उजेडात धरली. फणीत एक लांब, मेंदी लावलेला केस होता.' तीन वस्तू, कामाची मधली, आणि तिच्या पाठोपाठ जास्त ठसठशीत असा चकवा. वाचक केसामागे धावतो. बाटली रिकामी होती असं तो मनाशी धरतो, पण आपण तसं कुठेही म्हटलेलं नाही. निवेदकाने खोटं बोलायचं नाही, हा या प्रकारातला जुना आणि सर्वांत योग्य नियम आहे. पात्रांनी हवं तेवढं खोटं बोलावं.

आणि असा धागा वापरायचा तर तो आधी घरी करून पाहावा. त्याच मापाची बाटली रात्रभर तेवढ्याच थंड एसीच्या खोलीत ठेवायची, बाहेर काढायची, तेल किती वेळाने सुटतं ते घड्याळ लावून पाहायचं. तेवढ्याच वेळात हवालदार खोलीत पोचला पाहिजे.

मराठीत रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण असते, आणि माझ्या मते मैत्रिणीच्या कादंबरीतली सर्वांत देखणी कारागिरी तिथेच आहे. खुन्याच्या तोंडून एखादं प्रकरण लिहायचं आणि तो पुरुष की बाई हे कळू द्यायचं नाही. आपलं क्रियापद लगेच चुगली करतं: गेलो की गेले, थांबलो की थांबले. पण त्याच क्रियापदात पळवाटाही आहेत. कर्म असलेल्या भूतकाळात क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग धरतच नाही: 'मी दार उघडलं', 'मी सुरी उचलली', 'मी दिवा मालवला'. भविष्यकाळातलं 'मी जाईन' कुणाचंही असू शकतं. 'मला भीती वाटली', 'मला थांबावं लागलं', 'मी रोज तिथे जात असे' हेही तसंच. तेव्हा 'मी आत गेलो आणि दिवा लावला' हे वाक्य 'आत गेल्यावर मी दिवा लावला' असं केलं की काम झालं. 'मी म्हणालो'च्या जागी 'मी म्हटलं' चालतं. फसगत होते ती काही मोजक्या क्रियापदांत, जिथे कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जातं: 'मी पाणी प्यायलो', 'मी नाव विसरलो', 'मी दोन शब्द बोललो'. ही वाक्यं हमखास निसटतात. तृतीय पुरुषात लिहायचं तर आदरार्थी 'त्यांनी' सर्वांत सोयीचं, कारण 'त्यांनी दार लावून घेतलं' यात काहीच उघड होत नाही. 'सावली जिन्याकडे सरकली. क्षणभर ती थांबली' हे तर फार सुंदर. 'ती' म्हणजे सावली, निवेदक खरंच बोलतो आहे, आणि वाचक मनात बाई पाहतो. मात्र असं लेखन सलग दोन-अडीच पानांपलीकडे नेऊ नये. प्रत्येक वाक्य कर्म शोधत फिरायला लागलं की वाचकाला वास येतो.

मोबाईल इथे आडवा येतो. कीबोर्ड तुमच्या सवयीने शब्द सुचवतो. बाईच्या फोनवर 'मी' लिहिताच 'गेले, आले, म्हणाले' समोर हजर, आणि घाईत त्यावर बोट पडतं. प्रकरण संपलं की हे शब्द शोधून पाहावेत. 'गेले' अनेकवचनीही असल्यामुळे नको तेवढे निकाल येतात, पण एकेक पाहण्याला इलाज नाही.

सुचवण्यांचा दुसरा उपद्रव नावांत होतो. विलास आणि विकास अशी दोन पात्रं मोबाईलवर लिहिणाऱ्याने कधीही घेऊ नयेत. एका चुकीच्या बोटाने मेलेला माणूस चहा प्यायला येतो. पात्रांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी आणि कमी-जास्त लांबीची घ्यावीत. ती जीबोर्डच्या (गुगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये 'डिक्शनरी'मधल्या पर्सनल डिक्शनरीत मराठीखाली भरून ठेवावीत. तिथेच शॉर्टकटही देता येतो: 'पोनि' लिहिलं की 'पोलीस निरीक्षक' सुचवलं जातं. नाव मध्येच बदलायचं ठरलं तर सरसकट बदल करण्याआधी थांबावं. 'विकास'च्या जागी 'मनोहर' टाकलंत तर गावातली 'विकासकामं' मनोहरकामं होतात. पात्राचं लिंग बदलायचं असेल तर शोध-बदल निरुपयोगीच. प्रत्येक क्रियापद, प्रत्येक 'त्याचा' हाताने फिरवावा लागतो.

शोधाच्या बाबतीत मराठीचा एक छुपा काटा आहे, तो फारच थोड्यांना माहीत असतो. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात, काही साध्या 'र'ला हलन्त देऊन मागे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र वेगळे वाटू शकतात. 'ॲसिड'मधल्या ॲ-चंही तेच: एकसंध अक्षर, किंवा 'अ'वर चंद्र. कीबोर्ड मध्येच बदलला असेल, किंवा काही भाग बोलून टाइप केला असेल, तर एकाच हस्तलिखितात दोन्ही रूपं येतात, आणि 'ॲसिडची बाटली कुठे कुठे आली आहे' हे तपासताना निम्म्या जागा सापडत नाहीत. म्हणून शोध नेहमी शब्दाच्या निरुपद्रवी तुकड्याने घ्यावा: 'दुसऱ्या' न शोधता 'दुस', 'ॲसिड' न शोधता 'सिड'.

बोलून टाइप करणं संवादांसाठी उत्तम आहे. बोललेला संवाद बोलल्यासारखाच उतरतो. पण विरामचिन्हं आणि अवतरणचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात, आडनावांची वाट लागते, आणि मालवणी किंवा वऱ्हाडी बोली फोन सरळ प्रमाण मराठीत ओढतो. त्याच दिवशी दुरुस्ती केली तर आपण काय म्हटलं होतं ते आठवतं, आठवड्याने नाही. उलट दिशेची सोय जास्त मोलाची आहे: अँड्रॉइडमधलं 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करून प्रकरण फोनकडून वाचून घ्यावं. गळलेला शब्द डोळ्याला दिसत नाही, कानाला लगेच टोचतो. आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर तिथेच थांबावं. ती बहुधा कण्डरेची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) सूज असते आणि रेटून बरी होत नाही.

वस्तुस्थितीच्या चुका रहस्यकथेला जितक्या महागात पडतात तितक्या दुसऱ्या कुठल्याच प्रकाराला नाही, कारण वाचक प्रत्येक विसंगतीला धागा समजतो. मैत्रिणीने पंचांग शेजारी ठेवून लिहिलं, हे पानोपानी जाणवतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात चांदणं पडू शकत नाही, अमावास्या असते. अनंत चतुर्दशीला विसर्जनाहून परतताना चंद्र जवळजवळ पूर्ण असतो, ढग नसतील तर चेहरा ओळखता येतो. संकष्टीला चंद्रोदय ऋतुमानाप्रमाणे आठच्या सुमारापासून साडेदहाच्या आसपासपर्यंत कधीही असतो, आणि नागपूरला तो मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी होतो. उपास सोडलेलं ताट म्हणजे चक्क घड्याळ, आणि तेही मराठी वाचकाला न समजावता समजणारं. समुद्रकिनाऱ्यावरची गोष्ट असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. जुलैत ट्रॉलरवरून प्रेत टाकणारा खुनी सगळ्या बंदराला दिसेल. कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू चालतात, तेव्हा ऑगस्टमधला ॲलिबाय (गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा बचाव) उन्हाळ्याच्या वेळेवर उभा करू नये.

पोलिसी तपशिलात सर्वांत ठळक चूक हल्ली कलमाची असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाचं कलम १०३ आहे. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनं ३०२ च लागतं. म्हणजे कथेतला खून २०१९ चा आणि तपास २०२५ चा असेल तर ३०२ बरोबर. प्रेत सापडलं की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतोच असं नाही. बऱ्याचदा आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा, शवविच्छेदन, आणि मग गुन्हा. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पण कोठडीत असलेल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित तेवढा भाग चालतो. शेवटच्या प्रकरणात खुनी रडून सगळं सांगतो आणि गोष्ट संपते, असा शेवट करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. 'विहिरीत टाकलेला कोयता मी दाखवतो' हे एक वाक्य त्या सगळ्या रडण्याहून जास्त वजनाचं आहे.

मैत्रिणीचं हस्तलिखित वाचायला आलं तर काय करावं, हेही सांगते, कारण 'मस्त लिहिलंयस गं' हे ऐकून लेखकाला काहीच मिळत नाही. पहिलं वाचन सामान्य वाचकासारखं, पण प्रत्येक प्रकरण संपलं की एक ओळ लिहायची: आत्ता संशय कोणावर आणि कशामुळे. बस्स. चार-पाच जणांच्या अशा ओळी शेजारी ठेवल्या की लेखिकेला सगळं दिसतं. निम्म्या पुस्तकातच बहुतेकांनी खऱ्या खुन्याचं नाव घेतलं तर एखादा धागा फार मोठ्याने वाजतो आहे. कुणावर संशय आला आणि कशामुळे, हे लिहिलेलं असल्यामुळे तो कुठला हेही कळतं. याउलट उलगडा वाचूनही कुणाला 'हो, ते होतं खरं' असं म्हणता येत नसेल तर धागा वाचकापर्यंत पोचलाच नाही. दुसरं वाचन खुनी माहीत असताना, फक्त त्याच्या पात्रावर नजर ठेवून: त्याचं प्रत्येक वाक्य एक तर खरं किंवा सरळ खोटं हवं, आणि निवेदकाचं प्रत्येक वाक्य खरंच हवं. शेरे डॉक्समधल्या कॉमेंटमध्ये त्या त्या ओळीवर द्यावेत. व्हॉइस नोट पाठवू नये. दहा मिनिटांच्या बोलण्यात 'ते सातव्या प्रकरणातलं' शोधत बसणं हा लेखकाचा छळ आहे.

मोबाईलवर लिहिलेल्या मजकुराला एक खास खोड असते, ती वाचणाऱ्याने जरूर दाखवावी: परिच्छेद दोन-दोन ओळींचे होत जातात आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा येते, कारण मागचं पान लिहिणाऱ्याच्या नजरेआड असतं. छापील पानावर हे तुटक दिसतं. मैत्रिणीने पक्का खर्डा झाल्यावर ईपब (ई-पुस्तकाची फाईल) काढून फोन आडवा धरून वाचला आणि तुकडे सांधले. त्यामुळे छापील पुस्तकात सुरुवातीची दोन प्रकरणं सोडली तर ती खोड जाणवत नाही. (त्या दोन प्रकरणांत जाणवते, आणि पुढच्या आवृत्तीत ती आणखी घट्ट व्हावीत असं मला वाटतं.)

शेवटचा टप्पा छापखान्याचा. आपण लिहितो युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत), पण अक्षरजुळणी अजूनही अनेक ठिकाणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होते आणि मजकूर रूपांतरित केला जातो. त्यात ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ, अवतरणचिन्हं आणि लांब रेघा बिघडतात. प्रुफं पीडीएफमध्ये आली की हीच अक्षरं आधी पाहावीत. अशा पीडीएफमध्ये मराठी शब्दाचा शोध चालत नाही, तेव्हा तपासणी डोळ्यांनीच करावी लागते, आणि पडद्यावर करण्यापेक्षा प्रिंट काढून केलेली बरी. छपाईला होकार देण्याआधी धाग्यांची फाईल उघडून तिच्यातलं प्रत्येक वाक्य प्रुफात अक्षरन् अक्षर ताडून पाहावं. संपादनात 'अनावश्यक तपशील' म्हणून उडालेलं वाक्य बऱ्याचदा नेमकं तेलाच्या बाटलीचं असतं.